इम्प्लांटवरचे जिवाणू, निळा रंग आणि लाल प्रकाश: या उपचाराची पोहोच किती?

नाशिकच्या एका गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांच्या ६१ वर्षांच्या आईंना पाच वर्षांपूर्वी खालच्या जबड्यात उजव्या बाजूला दाढांच्या जागी दोन इम्प्लांट, म्हणजे वर कृत्रिम दात बसवण्यासाठी हाडात रोवलेले स्क्रू, बसवले होते. गेल्या वर्षभरापासून ब्रश करताना तिथून रक्त येते, हिरडी दाबली की कधी कधी पू दिसतो, आणि नुकत्याच काढलेल्या एक्स-रेमध्ये एका इम्प्लांटभोवतीचे हाड उतरलेले दिसले. त्यांच्या दंतवैद्यांनी हिरडीखाली निळे औषध घालून त्यावर लाल प्रकाश सोडण्याच्या तीन बैठका सुचवल्या आहेत. आईंना मधुमेह आहे. या प्रकाशाने इम्प्लांटवरचे सगळे जंतू मरतील का आणि ऑपरेशन टळेल का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

मी पुण्यात एकोणीस वर्षे हिरड्यांच्या आणि इम्प्लांटच्या आजारांवर उपचार करते, आणि हा प्रकाशोपचार माझ्या दवाखान्यात सुमारे बारा वर्षांपासून आहे. तुमच्या आईंना मी तपासलेले नाही, एक्स-रेही पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी काय करावे हे मी येथून ठरवू शकत नाही. पण त्या उपचाराकडून काय अपेक्षा ठेवता येईल आणि त्याआधी कोणत्या गोष्टी तपासून घ्यायला हव्यात, हे मला सविस्तर सांगता येईल.

प्रकाशाने जिवाणू मरतात, यात शंका नाही. सगळे मात्र मरत नाहीत, आणि मेलेल्यांची जागा काही आठवड्यांत पुन्हा भरते, कारण तोंड ही जिवाणूंनी भरलेली जागा आहे आणि इम्प्लांटचा वरचा भाग कायम तिथेच उघडा असतो. म्हणून खरा प्रश्न असा आहे की, त्या पृष्ठभागावरचा थर इतका कमी करता येईल का, की उरलेल्याला शरीर स्वतः आवर घालू शकेल. आणि तो थर तिथे साठलाच कशामुळे, ते कारण दूर करता येईल का. प्रकाशोपचाराचा संबंध यांतल्या पहिल्या भागाशी आहे, आणि तोही मर्यादित. दुसऱ्या भागाला तो स्पर्शही करत नाही.

हे समजण्यासाठी उपचार चालतो कसा ते पाहू. कल्पना जुनी आहे. म्युनिकमध्ये हेर्मान फॉन टापायनर यांच्या हाताखाली शिकणाऱ्या ओस्कार राब या विद्यार्थ्याने १९०० मध्ये दाखवून दिले की, ॲक्रिडिन या रंगाच्या सौम्य द्रावणातले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव प्रकाशात मरतात आणि अंधारात तेवढ्याच द्रावणात तगून राहतात. आज आपण वापरतो तो उपचार याच तत्त्वावर उभा आहे. त्याला तीन गोष्टी लागतात: जिवाणूला चिकटणारा रंग, त्या रंगाला शोषता येईल अशा तरंगलांबीचा प्रकाश, आणि ऑक्सिजन. रंगाचा रेणू प्रकाश शोषतो, ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो आणि त्यातून सिंग्लेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप, तयार होते. सोबत इतरही काही अतिक्रियाशील कण बनतात. हे सगळे मिळून जिवाणूचे आवरण, प्रथिने आणि जनुकीय द्रव्य अशा अनेक ठिकाणी एकाच वेळी घाव घालतात. प्रतिजैविकांप्रमाणे एकच ठिकाण लक्ष्य नसल्यामुळे जिवाणूंना याला सरावणे अवघड जाते, आणि मला या उपचाराबद्दल जी आस्था आहे तिचे हे एक मोठे कारण आहे. आपल्याकडे दात दुखला की परस्पर दुकानातून प्रतिजैविकांच्या गोळ्या आणून तीन दिवस घेण्याची सवय किती खोल रुजली आहे, हे मी रोज पाहते.

आता यातली अडचण पाहा. सिंग्लेट ऑक्सिजन क्षणभरही टिकत नाही. जिवाणूची जाडी साधारण अर्धा ते एक मायक्रोमीटर असते, आणि तयार झाल्या जागेपासून त्याच्या दहाव्या हिश्श्याइतके अंतर कापण्याआधीच तो निष्प्रभ होतो. म्हणजे ज्या जिवाणूपर्यंत रंग पोहोचला नाही, त्याच्या शेजारी कितीही लख्ख उजेड पडला तरी त्याचे काही बिघडत नाही. रंग पोहोचला पण प्रकाश अडला, तरीही परिणाम नाही. दोन्ही पोहोचले आणि खोल पॉकेटमध्ये, म्हणजे हिरडी आणि इम्प्लांट यांच्यामधल्या खाचेत, ऑक्सिजनच कमी असला, तर परिणाम अर्धवट होतो. तिन्ही गोष्टी एकाच बिंदूवर एकाच वेळी जमाव्या लागतात.

प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत काचेवर हे सहज जमते. इम्प्लांटवर का जमत नाही, हे त्याच्या रचनेत आहे. आजचे बहुतेक इम्प्लांट टायटॅनियमचे असतात, आणि हाडाने त्यांना लवकर व घट्ट धरावे म्हणून त्यांचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत केलेला असतो: आधी कणांच्या माऱ्याने आणि मग आम्लाने, किंवा विद्युत-रासायनिक क्रियेने. हाडात असेपर्यंत हा खडबडीतपणा वरदान ठरतो. हाड उतरले आणि तो भाग पॉकेटमध्ये उघडा पडला की मायक्रोमीटरच्या मापाच्या त्या खळग्यांत जिवाणू असे बसतात की कोणतेही हत्यार तिथे शिरू शकत नाही. शिवाय ते सुटे नसतात. चिकट द्रव्याच्या जाळ्यात एकमेकांना धरून त्यांचा थर बनतो, ज्याला बायोफिल्म म्हणतात. त्यावर कालांतराने क्षार साठून टार्टरचा टणक थर चढतो, आणि त्यातून रंग आत शिरत नाही.

दुसरी गोष्ट आट्यांची. इम्प्लांट स्क्रूसारखा असतो, आणि आपण त्याच्याकडे नेहमी वरून, म्हणजे त्यावर बसवलेल्या कृत्रिम दाताच्या, कॅपच्या, बाजूने जातो. आट्याची वरची उतरण हत्याराला आणि प्रकाशाला सापडते. खालची, म्हणजे हाडाकडे तोंड करून असलेली बाजू सावलीत राहते. शस्त्रक्रियेत हिरडी बाजूला केल्यावर भिंगाच्या चष्म्यातून पाहते तेव्हा हे मला दर वेळी दिसते: रंग लावून, धुऊन झाल्यावर आट्यांच्या वरच्या बाजू स्वच्छ राखाडी चकाकतात, आणि प्रत्येक आट्याच्या पोटाशी एक बारीक निळी रेघ उरलेली असते. रंग तिथे पोहोचलेला असतो, कारण तो द्रव आहे. तो धुतला जात नाही, कारण तिथे अजून थर आहे आणि त्या थराने तो धरून ठेवला आहे. ती निळी रेघ मला सांगते की ब्रश पुन्हा, वेगळ्या कोनातून, तिथे न्यायचा आहे. रंगाचा हा उपयोग कोणत्याही माहितीपत्रकात ठळकपणे लिहिलेला मी पाहिलेला नाही, पण माझ्या हाताला तो प्रकाशाइतकाच उपयोगी पडला आहे.

म्हणून माझ्या कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी यांत्रिक सफाई: टायटॅनियमची क्युरेट (खरवडण्याचे बारीक हत्यार) किंवा फिरता टायटॅनियम ब्रश, आणि शक्य तिथे ग्लायसिन किंवा एरिथ्रिटॉल पावडरचा हवेच्या दाबाने फवारा. साध्या प्लॅस्टिकच्या क्युरेट खडबडीत पृष्ठभागावर फारशा चालत नाहीत आणि त्यांचे कण तिथे घासून राहतात, म्हणून मी त्या सोडून दिल्या. त्यानंतर रक्तस्राव थांबेपर्यंत वाट पाहणे. ही वाट पाहण्याची पायरी घाईत वगळली जाते, आणि मग उपचार निष्फळ ठरला तर दोष प्रकाशाला दिला जातो. रक्तातले हिमोग्लोबिन प्रकाश शोषते, रक्तातली प्रथिने रंगाला बांधून ठेवतात, आणि वाहते रक्त रंग बाहेर ढकलते. रक्ताने भरलेल्या पॉकेटमध्ये केलेला प्रकाशोपचार हा बहुतांशी रक्तावरच झालेला उपचार असतो.

मग रंग. तुमच्या आईंसाठी सुचवलेले निळे औषध बहुधा फेनोथायाझिन कुळातले असेल. मेथिलीन ब्लू आणि टोलुइडिन ब्लू हे त्यातले परिचित. यांच्या रेणूवर धन विद्युतभार असतो आणि जिवाणूंचे बाह्य आवरण ऋणभारित असते, त्यामुळे इम्प्लांटभोवतीच्या आजारात आढळणाऱ्या ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे दुहेरी आवरणाच्या, जिवाणूंनाही तो चिकटतो. बोथट सुईने पॉकेटच्या तळापासून वर येत तो भरायचा आणि तीन मिनिटे राहू द्यायचा. ही तीन मिनिटे मी घड्याळ लावून मोजते, कारण खुर्चीवर बसलेल्या माणसाला आणि उभ्या असलेल्या डॉक्टरला ती फार लांब वाटतात. नंतर जास्तीचा रंग धुऊन काढावा लागतो. पुष्कळांना वाटते की रंग जितका गडद तितका परिणाम जास्त. प्रत्यक्षात न चिकटलेला दाट रंग प्रकाश वरच्या वर शोषून घेतो आणि खालच्या थरापर्यंत काहीच पोहोचत नाही. त्यानंतर बारीक तंतूचे टोक पॉकेटमध्ये घालून इम्प्लांटभोवती सहा ठिकाणी प्रकाश द्यायचा. १०० मिलीवॅटचे उपकरण १० सेकंद चालवले तर एक ज्यूल ऊर्जा मिळते, ६० सेकंद चालवले तर सहा. किती द्यायची हे रंगावर आणि उपकरणावर अवलंबून असते, आणि एका कंपनीचा रंग घेऊन दुसऱ्याच कंपनीचा दिवा मनाने वापरू नये. मेथिलीन ब्लू ६६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतो, टोलुइडिन ब्लू ६३० च्या आसपास, आणि इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा रंग थेट ८०० च्या पुढे, जिथे डोळ्याला काही दिसत नाही. जुळणी चुकली की रंगही असतो, उजेडही असतो, आणि काम होत नाही.

प्रकाश देताना रुग्ण, मदतनीस आणि डॉक्टर अशा तिघांच्याही डोळ्यांवर त्या तरंगलांबीसाठीचा चष्मा हवाच. वेदना जवळजवळ नसतात. जीभ आणि हिरडी दिवसभर निळसर दिसते, ती आपोआप निवळते.

येथे एक गोंधळ दूर करते, कारण 'लेझर' या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. प्रकाशोपचारातला प्रकाश मंद असतो. तो स्वतः काही जाळत किंवा कापत नाही, जे काही करतो ते रंगाच्या मार्फत. याउलट उच्च शक्तीचे लेझर उष्णतेने किंवा सूक्ष्म स्फोटांनी थर काढतात. त्यांपैकी २९४० नॅनोमीटरचा एर्बियम-याग योग्य मापात वापरला तर टायटॅनियमला फारसा धक्का न लावता काम करतो. पण निओडिमियम-यागने टायटॅनियमचा पृष्ठभाग वितळू शकतो, आणि डायोड लेझर निष्काळजीपणे चालवला तर धातू तापून उष्णता हाडात उतरते. हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सिअसवर एक मिनिट राहिले तरी इजा होते, हे एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्येच दाखवले होते. त्यामुळे तुमच्या दंतवैद्यांना इतके जरूर विचारा की, सुचवलेला उपचार यांतला कोणता आहे. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तो मंद प्रकाशाचाच वाटतो, आणि तसा असेल तर तो निदान अपाय करणारा नाही.

आता पुरावा काय सांगतो ते. व्हिएन्नामध्ये डोर्टबुडाक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये १५ रुग्णांच्या इम्प्लांटवर टोलुइडिन ब्लू आणि मंद शक्तीचा डायोड लेझर वापरून आधी व नंतर नमुने घेतले. जिवाणूंची संख्या स्पष्टपणे घटली, पण संपूर्ण निर्मूलन झाले नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये ४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सगळ्यांची यांत्रिक सफाई करून निम्म्यांना प्रकाशोपचार आणि निम्म्यांना पॉकेटमध्ये ठेवायचे मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक दिले. वर्षभरानंतर दोन्ही गटांत रक्तस्राव बराच कमी झाला होता आणि गटांमध्ये म्हणण्याजोगा फरक नव्हता. हा अभ्यास प्रकाशोपचाराच्या बाजूने अनेकदा पुढे केला जातो, आणि प्रतिजैविक टाळायचे असेल तर हा पर्याय त्याच्या तोडीचा आहे, एवढे त्यातून म्हणताही येते. पण तो वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. त्यातले आजार सुरुवातीचे होते. हाड अर्धा ते दोन मिलीमीटरच उतरलेले होते. आणि नुसती यांत्रिक सफाई केलेला तिसरा गट त्यात नव्हता, त्यामुळे सुधारणेतला किती वाटा क्युरेटचा आणि किती प्रकाशाचा, हे त्यातून कळत नाही. युरोपियन फेडरेशन ऑफ पिरिओडॉन्टॉलॉजीच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही यांत्रिक सफाई आणि घरची स्वच्छता हाच पाया मानला आहे. प्रकाशोपचार नेमाने करावा अशी शिफारस त्यांत नाही. मी स्वतः तो वापरते, पण एक जोड म्हणून, आणि रुग्णाला तसे स्पष्ट सांगून.

हे मी इतक्या ठामपणे का सांगते, त्यामागे माझ्याच हातून झालेली एक चूक आहे. उपकरण घेतल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या, लक्षणे जवळजवळ तुमच्या आईंसारखीच. त्यांना शस्त्रक्रियेची भीती होती आणि मला नव्या उपकरणावर भरवसा होता. मी वरवर सफाई करून प्रकाशोपचार केला. सहा आठवड्यांनी रक्त येणे जवळजवळ थांबले, आणि आम्ही दोघीही समाधानी झालो. चार महिन्यांनी पू परत आला. मी तोच उपचार पुन्हा केला, पुन्हा सुधारणा, पुन्हा उलट. असे करता करता चौदा महिने गेले, आणि पुढच्या एक्स-रेमध्ये हाड आणखी दीड मिलीमीटर उतरलेले होते. शेवटी हिरडी उघडली तेव्हा कॅपच्या कडेखाली, जिभेच्या बाजूला, तांदळाच्या कणीएवढा पिवळट सिमेंटचा तुकडा इम्प्लांटला चिकटलेला होता. टायटॅनियमच्या सावलीत असल्यामुळे तो एक्स-रेमध्ये दिसलाच नव्हता. कॅप बसवताना बाहेर आलेले सिमेंट तिथे राहून गेले होते, आणि मी चौदा महिने त्याच्याभोवती प्रकाश फिरवत होते. तुकडा काढला, आटे घासले, आणि पुढची नऊ वर्षे ते इम्प्लांट शांत आहे. पण गमावलेले ते दीड मिलीमीटर हाड परत आले नाही.

उरलेले सिमेंट हे किती मोठे कारण असू शकते, याचा अंदाज २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विल्सन यांच्या पाहणीवरून येतो. सिमेंटने कॅप बसवलेल्या ज्या इम्प्लांटभोवती आजाराची लक्षणे होती, त्यांतल्या ८१ टक्क्यांमध्ये जादा सिमेंट सापडले, आणि ते काढल्यावर बहुसंख्य इम्प्लांटची लक्षणे गेली. म्हणून तुमच्या दंतवैद्यांना पहिला प्रश्न हा विचारा: आईंच्या कॅप स्क्रूने बसवल्या आहेत की सिमेंटने? स्क्रूच्या असतील तर त्या काढून मग सफाई करणे शक्य आहे, आणि कॅप काढल्याबरोबर दिसणारे व पोहोचता येणारे क्षेत्र इतके वाढते की मी त्याशिवाय सहसा सुरुवातच करत नाही. कॅप सिमेंटच्या असतील तर तिच्या कडेखाली काय आहे, याचा शोध आधी.

दुसरे, कॅपचा आकार. आपल्याकडे दाढेच्या जागी बसवलेली कॅप पुष्कळदा खालून फुगीर असते, किंवा दोन इम्प्लांटच्या कॅप एकमेकींना जोडलेल्या असतात आणि मधून इंटरडेंटल ब्रश जाईल एवढी फटही नसते. अशा ठिकाणी रुग्णाला 'स्वच्छता ठेवा' असे सांगणे अन्याय्य आहे. कॅपची खालची बाजू घासून, वाट मोकळी करून देणे हे उपचाराचे काम आहे. तुमच्या आईंना बारीक ब्रश दोन्ही इम्प्लांटच्या मधून आरपार नेता येतो का, हे तुम्ही घरीच आज पाहू शकता.

तिसरे, आजाराची पायरी. फक्त हिरडीला सूज आणि रक्तस्राव असेल, हाड जागेवर असेल, तर त्याला पेरी-इम्प्लांट म्युकोसायटिस म्हणतात आणि तो चांगल्या सफाईने पूर्ववत होऊ शकतो. हाड उतरले असेल तर तो पेरी-इम्प्लांटायटिस. इम्प्लांट बसवल्यानंतर पहिल्या वर्षात थोडे हाड तसेही उतरते, त्यामुळे एकट्या एक्स-रेवरून निर्णय होत नाही. कॅप बसवली तेव्हाचा एक्स-रे शेजारी ठेवून तुलना करावी लागते. तो जुना एक्स-रे नसेल तर हिरड्यांच्या आजारांवरील २०१७ च्या जागतिक परिषदेत ठरलेले निकष वापरतात: रक्त किंवा पू, सहा मिलीमीटर किंवा अधिक खोल पॉकेट, आणि हाडाची पातळी इम्प्लांटच्या हाडातल्या भागाच्या वरच्या कडेपासून तीन मिलीमीटर किंवा अधिक खाली. तुमच्या आईंचे जुने एक्स-रे आणि इम्प्लांटचे कार्ड, ज्यावर कंपनी आणि माप असते, ते शोधून ठेवा. परदेशात राहणारे पुष्कळ मराठी लोक सुट्टीत येऊन इम्प्लांट बसवून जातात आणि तिकडच्या डॉक्टरकडे ते कार्ड नसल्यामुळे कॅपचा स्क्रू कोणत्या किल्लीने उघडायचा इथपासून अडते. कागद जपून ठेवण्याची गरज मी त्यांनाही सांगत असते.

मधुमेहाबद्दल. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा, किती आहे, ते तुम्ही लिहिलेले नाही. तो सात टक्क्यांच्या आसपास असेल तर आईंच्या हिरडीची भरून येण्याची क्षमता मी चांगली धरीन. आठच्या वर असेल तर तातडी नसलेली शस्त्रक्रिया मी पुढे ढकलते आणि त्यांच्या फिजिशियनशी बोलते. या मधल्या काळात सफाई आणि प्रकाशोपचार करून सूज आटोक्यात ठेवणे हा मात्र अगदी योग्य उपयोग आहे, आणि कदाचित तुमच्या दंतवैद्यांच्या मनातही हेच असेल. आई मिश्री किंवा तंबाखू लावत असतील तर तेही मोकळेपणाने सांगा. खूप स्त्रिया हे डॉक्टरपासून लपवतात, कारण विचारणाऱ्याच्या आवाजात आधीच दोष ठेवलेला असतो. आम्हाला ते माहीत असणे गरजेचे आहे, कारण मिश्री सुरू असताना कोणत्याही उपचाराचा निकाल टिकत नाही. हाडांच्या ठिसूळपणासाठी त्या ॲलेन्ड्रोनेटसारख्या गोळ्या किंवा झोलेड्रोनेटचे इंजेक्शन घेत असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी ते कळायलाच हवे. नैराश्यावरची काही औषधे आणि जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता यांची मेथिलीन ब्लूशी गाठ शिरेतून दिलेल्या मोठ्या मात्रेत धोक्याची असते. पॉकेटमध्ये जाणारी मात्रा त्या मानाने नगण्य आहे, तरीही मी विचारून घेते.

हळदीबद्दल मला नेहमी विचारले जाते, म्हणून तेही सांगते. हळदीतले कर्क्युमिन निळा प्रकाश शोषते आणि प्रकाशसंवेदी रंग म्हणून त्यावर, विशेषतः ब्राझीलमध्ये, गंभीर संशोधन झालेले आहे. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यासाठी वेगळे द्रावण तयार करावे लागते, आणि निळा प्रकाश ऊतींमध्ये लाल प्रकाशाइतका खोल जात नाही. घरची हळद इम्प्लांटच्या हिरडीत दाबून भरू नका. तिचे कण आत अडकतात आणि सूज वाढवतात. असे रुग्ण मी पाहिले आहेत.

आता ऑपरेशन टळेल का, या प्रश्नाकडे येते. हाड दोन मिलीमीटरपर्यंत उतरले असेल, पॉकेटची खोली पाच मिलीमीटरच्या आत असेल आणि वर सांगितलेले एखादे कारण सापडून ते दूर झाले, तर शस्त्रक्रियेशिवाय आजार शांत होण्याची मला बरी आशा असते, आणि तिथे प्रकाशोपचार जोडायला मी आनंदाने हो म्हणेन. पॉकेट सहा मिलीमीटरच्या पुढे, पू आणि हाडात वाटीसारखा खड्डा असेल, तर बंद हिरडीखालून केलेल्या कोणत्याही सफाईने, रंगाने किंवा प्रकाशाने आट्यांच्या पोटापर्यंत पोहोचता येत नाही, आणि हिरडी उघडावी लागते. ही शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन तास-दीड तासात होते. 'ऑपरेशन' या शब्दाने वाटते तितकी ती मोठी नाही. वाटीसारख्या खड्ड्यात हाडाचा पर्यायी चुरा भरता येतो. हाड सगळीकडून सपाट उतरले असेल तर हिरडी खाली बसवून उघडे आटे घासून गुळगुळीत करता येतात. प्रकाशोपचार त्या वेळीही करता येतो, आणि खरे तर तिथेच तो सर्वात नीट होतो, कारण रक्त आवरलेले असते आणि प्रकाशाचे टोक समोरून लावता येते. इम्प्लांट स्वतः हलत असेल, तर मात्र हाडाची पकड सुटलेली आहे आणि ते काढणेच योग्य. फक्त एक खात्री आधी करून घ्यावी: पुष्कळदा हलते ती कॅप किंवा तिचा आतला स्क्रू, आणि इम्प्लांट पक्केच असते. एवढ्या गैरसमजापोटी चांगले इम्प्लांट काढायला निघालेले रुग्ण माझ्याकडे आलेले आहेत.

तीन बैठकांबद्दल माझे मत असे की, संख्या आधीच ठरवून पॅकेज घेऊ नये. कॅप काढून किंवा तिची कडा तपासून, पूर्ण यांत्रिक सफाई करून एक बैठक व्हावी. हवी तर आठवड्याने दुसरी. त्यानंतर सहा ते बारा आठवड्यांनी त्याच सहा ठिकाणी पॉकेट पुन्हा मोजावे, आणि आधीचे आकडे शेजारी लिहावेत. हे आकडे तुम्ही मागून घ्या. ते तुमचेच आहेत. पू थांबला, रक्त कमी झाले आणि खोली पाच मिलीमीटरच्या आत आली, तर दर तीन-चार महिन्यांनी सफाई आणि वर्षाने एक्स-रे, एवढ्यावर पुढे जाता येईल. पू तसाच असेल तर तिसऱ्या बैठकीत वेळ घालवू नका, हिरडी उघडण्याची तारीख ठरवा. तोवर आईंना मऊ ब्रश आणि फटीच्या मापाचा इंटरडेंटल ब्रश रोज रात्री वापरू द्या. पहिले काही दिवस रक्त जास्त येईल, त्या घाबरून थांबतील, त्यांना थांबू देऊ नका. आणि तो ब्रश कोणत्या मापाचा हवा, हे दुकानात अंदाजाने ठरवण्यापेक्षा दंतवैद्यांकडे खुर्चीवर बसूनच, त्यांच्या हातून एकदा आरपार नेऊन ठरवून घ्या.